कळण्याची किंमत कोण मोजतं?

ज्ञानावर बंदी असावी की नसावी, हा वाद अधूनमधून उफाळून येतो आणि दर वेळी त्याच दोन वाक्यांपाशी येऊन अडतो. कधी निमित्त असतं प्रयोगशाळेत तयार केलेल्या एखाद्या विषाणूचं, कधी अपघाताच्या किंवा खुनाच्या व्हिडिओचं. अलीकडे बहुतेक वेळा निमित्त असतं ते विचारलं की उत्तर देणाऱ्या यंत्रांचं: त्यांनी अमुक प्रश्नाला नकार द्यावा का? एक बाजू म्हणते, ज्ञान कधीच वाईट नसतं, वाईट असतो तो त्याचा वापर. दुसरी म्हणते, काही गोष्टी माणसाला न कळलेल्याच बऱ्या. मग पहिली बाजू दुसरीला बुरसटलेली ठरवते, दुसरी पहिलीला बेजबाबदार, आणि चार दिवसांनी सगळे आपापल्या जागी परत. हा वाद चुकीच्या जागी घातला जातोय असं मला फार दिवसांपासून वाटतं. दोन्ही बाजू बोलतात ते कुलपाबद्दल. कुलूप असावं का, किल्ली कोणाच्या कनवटीला असावी, यावर तावातावाने भांडण चालतं. दाराशी जो माणूस उभा आहे, ज्याचा हात कडीकडे निघालाय, त्याने स्वतःला काय विचारावं, हे मात्र कोणी बोलतच नाही.

माझी बाजू आधीच सांगून टाकतो. ज्ञानावर वरून लादलेली बंदी बहुतेक वेळा चुकीची असते, इथपर्यंत मी पहिल्या बाजूचा आहे. पण ‘मला कळण्याचा हक्क आहे’ यातून ‘म्हणून मी कळून घेणारच’ हे आपोआप निघत नाही. कळणं फुकट कधीच नसतं. त्याची किंमत कोणीतरी मोजतं. वेळाने, झोपेने, अब्रूने, कधी जिवाने. ती मी स्वतः मोजत असेन तर मला अडवायचं कोणाला काही कारण नाही. ती दुसराच कोणी मोजत असेल, आणि त्याला कोणी विचारलेलंही नसेल, तर मी माझ्या उत्सुकतेला आवर घातला पाहिजे. मग बंदी असो वा नसो.

समोरच्यांचं सर्वांत बळकट म्हणणं आधी मान्य करतो, कारण ते खरं आहे. ‘हे तुझ्यासाठी नाही’ असं ज्यांनी ज्यांनी म्हटलं, त्यांचा इतिहास वाईट आहे. आपल्याकडे ‘अधिकार’ या शब्दाने किती माणसांची आयुष्यं कुजवली! एकलव्याचा अंगठा गेला तो विद्या मिळवली म्हणून, शंबूकाचं मस्तक गेलं ते तप केलं म्हणून. गीतेचा अर्थ संस्कृतात कडीकुलपात होता, तो शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी मराठीत आणला. तेही अशा माणसाने, ज्याला आणि ज्याच्या भावंडांना समाजाने वाळीत टाकलं होतं. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली, तेव्हा शिकवायला जाणाऱ्या सावित्रीबाईंवर शेण आणि दगड फेकले गेले. जनकाच्या सभेत गार्गी एकामागून एक प्रश्न विचारत गेली, हे कशात ओवलेलं आहे, आणि ते कशात, आणि तेही कशात, तेव्हा याज्ञवल्क्य म्हणाले, गार्गी, फार विचारू नकोस, डोकं गळून पडेल. ती गप्प बसली. पण थोड्या वेळाने ती पुन्हा उभी राहिली आणि सभेची अनुमती घेऊन आणखी दोन प्रश्न विचारले. डोकं शाबूत राहिलं. युरोपात रोमच्या चर्चने १५५९ साली निषिद्ध पुस्तकांची यादी काढली आणि ती थेट १९६६ पर्यंत चालवली. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं मांडणारा कोपर्निकसचा ग्रंथ १६१६ मध्ये अडवला गेला, तो १८३५ च्या यादीत नव्हता म्हणजे सुटला. दोनशेहून अधिक वर्षं! हे सगळं समोर असताना कोणी ‘काही ज्ञान धोक्याचं असतं’ असं म्हणायला लागला की ऐकणाऱ्याच्या मनात पहिली शंका येते ती हीच: धोक्याचं कोणाला?

आणि हीच शंका मला माझ्या मुद्द्यावर आणते. धोक्याचं कोणाला, हा प्रश्न टाळायचा नाही, उलट तो शेवटपर्यंत लावून धरायचा. एखाद्या मुलीने अक्षर गिरवलं तर किंमत कोण मोजतं? कोणीही नाही. ज्याची मक्तेदारी गेली त्याची कुरकुर असते, पण मक्तेदारी जाणं म्हणजे इजा होणं नव्हे. कोपर्निकस वाचल्याने कोणाच्या घरातलं माणूस दगावलं? ‘धर्म बुडेल’, ‘संस्कृती रसातळाला जाईल’, ‘समाजाची घडी विस्कटेल’ असं बंदी घालणारे सांगत आले. पण ज्याला इजा झाली असा एक जिताजागता, नावगाव असलेला माणूस त्यांना कधी दाखवता आला नाही. म्हणून माझी कसोटी अशी आहे: माणूस दाखवा. माझ्या कळण्याने ज्याच्या अंगावर वळ उठणार आहे असा माणूस दाखवता येत नसेल तर बंदी खोटी. दाखवता येत असेल तर मात्र, बंदी असो नसो, मला थांबून विचार केला पाहिजे. ही कसोटी गार्गीला मोकळं सोडते आणि मला पकडते.

आता अशा गोष्टीकडे येतो जिथे बंदी नव्हतीच. दुर्वासांची सेवा करून कुंतीला मंत्र मिळाला. कुठल्याही देवाला बोलाव, तो येईल. तिने चोरून ऐकला नव्हता. तो तिचा होता, मानाने मिळालेला. ‘वापरू नकोस’ असं तिला कोणी सांगितल्याचं महाभारतात नाही. तिला फक्त बघायचं होतं, खरंच येतो का. महाभारतकारांनी तिथे शब्द वापरलाय तोही ‘कौतूहल’ हाच. सूर्य आला. तिने परत जायची विनवणी केली, पण आलेला देव रिकाम्या हाताने जाणार नव्हता. पुढची पेटी, नदी, अधिरथ आणि राधा हे आपण सगळे जाणतो. कुंतीच्या कुतूहलाची किंमत कोणी मोजली? तिने मोजली, आयुष्यभर, मुलाकडे बघून न बघितल्यासारखं करत. पण मोठा वाटा मोजला तो कर्णाने. भर रंगभूमीवर कूळ विचारलं गेलं तेव्हा मान खाली गेली ती त्याची. त्याला कोणी विचारलं होतं? तो तर तेव्हा नव्हताच. कुंतीला मी दोष देत नाही, ती लहान होती; एका कोवळ्या मुलीच्या हातात असला मंत्र देऊन, पुढे काय होतं हे नीट न समजावता निघून जाणाऱ्या दुर्वासांना मी जास्त दोष देतो. आजही हाती काहीही ठेवून निघून जाणारे दुर्वास पुष्कळ आहेत. पण मुद्दा असा की ‘बंदी होती का’ या प्रश्नातून कुंतीची गोष्ट अजिबात उलगडत नाही. ‘किंमत कोणी मोजली’ विचारलं की सगळी उलगडते.

पुराणातली वांगी पुराणात, असं कोणी म्हणेल. मग १९३२ सालाकडे या. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, टस्कीगी या गावाच्या परिसरात, सरकारी आरोग्य खात्याच्या डॉक्टरांना एक गोष्ट जाणून घ्यायची होती: सिफिलिसवर उपचार केलेच नाहीत तर तो माणसाच्या शरीरात काय काय करत जातो? त्यांनी सुमारे सहाशे गरीब कृष्णवर्णीय पुरुष निवडले, त्यातल्या ३९९ जणांना हा रोग होता. त्यांना सांगितलं, तुमचं ‘रक्त खराब’ आहे, आम्ही उपचार करतोय. दफनाचा खर्च आम्ही देऊ असंही सांगितलं; अट एवढीच की मेल्यावर शवविच्छेदन करू द्यायचं. १९४७ च्या सुमाराला पेनिसिलिन हा या रोगावरचा रुळलेला उपचार झाला होता. तो या माणसांना दिला गेला नाही, कारण दिला असता तर प्रश्नाचं उत्तर मिळालं नसतं. हे १९७२ पर्यंत चाललं. चाळीस वर्षं. यात लपवाछपवी होती ती फक्त रुग्णांपासून. अभ्यासाचे निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकांत उघडपणे छापून येत होते, आणि ते वाचणाऱ्या बहुतेकांना काही खटकलं नाही. ज्ञान वाईट नसतं, वापर वाईट असतो, हे वाक्य इथे लावून बघा. इथे ज्ञानाचा ‘वापर’ व्हायच्या आधीच माणसं मरत होती. वाईट होतं ते मिळवणंच. हे वाक्य फसतं ते इथे: ते ज्ञानाला फळासारखं समजतं, झाडावर आयतं लटकलेलं, आणि ते खुडताना फांदीवर कोणाचं घरटं होतं हे विचारत नाही.

आणखी एक उदाहरण, जे मला विसरता येत नाही. देवीच्या रोगाची नैसर्गिक लागण झालेला शेवटचा रुग्ण १९७७ मध्ये सोमालियात सापडला, आणि तो बरा झाला. जग सुटलं, असं वाटलं. पण पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला या रोगाने एक बाई दगावली. विद्यापीठाच्या ज्या इमारतीत देवीच्या विषाणूवर संशोधन चालू होतं, त्याच इमारतीत, प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर ती वैद्यकीय छायाचित्रकार म्हणून काम करायची. देवीने घेतलेला तो जगातला शेवटचा बळी. खालच्या मजल्यावरचं संशोधन वाईट हेतूचं होतं असं मी म्हणत नाही, मुळीच नव्हतं. पण त्या बाईला देवीच्या विषाणूबद्दल काहीही जाणून घ्यायचं नव्हतं. जाणून घ्यायचं होतं खालच्या मजल्याला, आणि किंमत मोजली वरच्या मजल्याने.

प्रयोगशाळा आणि सरकारं यांच्याबद्दल असं बोलणं सोपं असतं, कारण आपण तिथे नसतो. म्हणून स्वतःबद्दल सांगतो. बाबा गेले तेव्हा त्यांचा फोन माझ्याकडे आला. बँकेची, विम्याची कामं होती, ओटीपी त्याच नंबरवर यायचे, त्यामुळे तो चालू ठेवणं भाग होतं. पासवर्ड मला माहीत होता, त्यांनीच सांगितलेला. एका रात्री काम उरकल्यावर फोन हातातच राहिला. त्यांच्या एका जुन्या मित्राबरोबरचा संवाद यादीत सगळ्यात वर होता. मला कोणी बंदी केली नव्हती. कायद्याने म्हणाल तर मी वारस. मी उघडला आणि वर सरकवत गेलो. तीन वर्षांपूर्वी मी नोकरी सोडली होती, आणि बाबांनी पाठीवर थाप मारून ‘बरं केलंस’ म्हटलं होतं. ती थाप मी फार दिवस जपून वापरली होती. त्याच रात्री त्यांनी मित्राला लिहिलं होतं की पोरासमोर मी खूश असल्याचं दाखवलं, पण झोप लागत नाही, फार भीती वाटतेय, आणि हे त्याला कधी कळू देऊ नकोस. मी फोन बंद केला. ते मित्र नंतर भेटले, पण मला त्यांच्या डोळ्यांत नीट बघता आलं नाही. त्यांनी शब्द पाळला होता आणि मी तो मोडून ठेवला होता. यावर मला सांगितलं गेलंय की उलट चांगलंच झालं, वडिलांचं प्रेम कळलं. कळलंही असेल. पण बाबांना ते मला द्यायचं नव्हतं. जी गोष्ट त्यांनी तीन वर्षं इतक्या निगुतीने झाकून ठेवली, ती मी अर्ध्या मिनिटात उघडली, आणि विरोध करायला ते हयात नव्हते. मेलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, ही त्याची संमती नसते.

अशा वेळी माणूस उघडतो का? वाईट असतो म्हणून? मला तसं वाटत नाही. २०१६ साली क्रिस्टोफर शी आणि बोवेन रुआन या संशोधकांनी केलेला एक साधा प्रयोग आहे. प्रयोग सुरू व्हायची वाट बघत बसलेल्या लोकांसमोर त्यांनी पेनं ठेवली. काही पेनं दाबली की विजेचा झटका बसायचा, काहींचा बसायचा नाही. कोणत्या पेनाने झटका बसतो हे ठाऊक होतं तेव्हा लोकांनी पेनांना फारसा हात लावला नाही. कुठलं पेन कसं ते ठाऊक नव्हतं तेव्हा मात्र ते एकामागून एक पेनं दाबत सुटले. झटका कोणालाच नको होता, हवं होतं ते न कळल्याची खाज थांबणं. ही खाज फार जुनी आहे. प्लेटोने अडीच हजार वर्षांपूर्वीच्या अथेन्समधल्या लिओन्टियसची गोष्ट सांगितली आहे. शहराच्या तटाबाहेरून जाताना त्याला जल्लादाच्या जागेजवळ पडलेली प्रेतं दिसली. बघावंसं वाटलं आणि त्याच क्षणी स्वतःची किळस आली. बराच वेळ त्याने तोंड झाकून घेतलं, स्वतःशी झगडला. शेवटी न राहवून डोळे ताणून प्रेतांकडे धावला आणि डोळ्यांनाच म्हणाला, घ्या मेल्यांनो, बघून घ्या पोटभर. फोनवर धूसर केलेलं चित्र येतं, ‘दृश्य विचलित करू शकतं’ अशी ओळ येते आणि खाली ‘पाहा’ असं बटण असतं. त्या बटणावर अंगठा धरून थबकलेला प्रत्येक जण लिओन्टियस आहे. त्या पेनांच्या अभ्यासातली एक गोष्ट मात्र मला धीर देते. ज्यांना आधी विचारलं की कळल्यावर तुम्हाला कसं वाटेल याचा अंदाज करा, ते लोक कळून घ्यायला कमी गेले. म्हणजे ही खाज अजिंक्य नाही. पुढचा क्षण डोळ्यांसमोर आणला की ती उतरते. आपल्या हातातली यंत्रं नेमका तोच क्षण आपल्याला मिळू देत नाहीत, ही वेगळी तक्रार आहे, आणि ती खरी आहे.

इथे विरोधी बाजूचा दुसरा मोठा मुद्दा येतो, आणि तो पहिल्याहून अवघड आहे. न बघणं हे अनेकदा अन्यायाच्या सोयीचं असतं. १९५५ साली मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला गोऱ्या माणसांनी हालहाल करून मारलं. शिकागोत त्याच्या आईने, मॅमी टिल यांनी, शवपेटी उघडी ठेवायचा आग्रह धरला. ओळखू न येणारा तो चेहरा हजारो लोकांनी रांगा लावून पाहिला, मासिकात त्याची छायाचित्रं छापली गेली, आणि नागरी हक्कांच्या लढ्यात उतरलेल्या एका अख्ख्या पिढीच्या मनावर तो चेहरा कोरला गेला. तेव्हा जर सगळ्यांनी सभ्यपणे मान वळवली असती तर? हा प्रश्न मला निरुत्तर करणारा आहे असं बराच काळ वाटत होतं. मग लक्षात आलं की त्याच देशात, त्याआधी काही दशकं, झाडाला लटकवून मारलेल्या कृष्णवर्णीयांच्या छायाचित्रांची पोस्टकार्डं छापून विकली जात होती. लोक ती नातेवाइकांना पाठवत. तोच छळ, तशीच प्रेतं, तसाच कॅमेरा. मग फरक कशात? एका ठिकाणी मारलेल्याच्या आईने सांगितलं होतं, या आणि बघा. दुसरीकडे त्या कुटुंबांना कोणी विचारलं नव्हतं; त्यांच्या दुःखावर इतरांनी नजर शेकून घेतली होती. साक्षीदार आणि बघ्या यांच्या डोळ्यांत पडणारं चित्र एकच असतं. बघण्याची किंमत ज्याने मोजली त्याचा शब्द तिथे आहे का, आणि बघून झाल्यावर बघणाऱ्यावर काही जबाबदारी येते का, यावरून ते वेगळे ओळखता येतात. अपघाताचा व्हिडिओ सतरा जणांना पुढे पाठवून जेवायला बसणारा माणूस स्वतःला साक्षीदार म्हणवत असेल, तर त्याने सांगावं, त्याने कोणत्या न्यायालयात साक्ष दिली?

लपवल्याने गोष्ट अधिक ठळक होते, हाही एक मुद्दा असतो, आणि तोही खरा आहे. १९३९ साली लिओ झिलार्ड हा भौतिकशास्त्रज्ञ सहकाऱ्यांच्या मागे लागला होता की अणुविखंडनाच्या साखळी प्रक्रियेबद्दल काही छापू नका. पॅरिसच्या गटाने ऐकलं नाही, त्यांनी छापलं. पुढे अमेरिकी शास्त्रज्ञांनी छापणं थांबवलं. आणि १९४२ मध्ये सोव्हिएत संघातला ग्योर्गी फ्ल्योरोव्ह हा तरुण शास्त्रज्ञ ग्रंथालयात नियतकालिकं चाळत बसला असताना त्याच्या ध्यानात आलं की या विषयावर कोणीच काही लिहीत नाहीये. काल लिहीत होते, आज एकदम सगळे गप्प. त्याने ओळखलं, बॉम्ब चाललाय, आणि थेट स्टालिनला पत्र लिहिलं. मौनच चहाडखोर निघालं. पण यातून काय सिद्ध होतं? गुपचूप लपवणं फसतं, एवढंच. उघडपणे थांबणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिचाही इतिहास आहे. १९७४ मध्ये पॉल बर्ग आणि इतर काही जीवशास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून सांगितलं की एका जीवाचा डीएनए दुसऱ्यात घालण्याचे काही प्रयोग आपण सगळ्यांनी तूर्त थांबवू, कारण त्यातून काय बाहेर पडेल हे आपल्याला कळत नाही. सरकारने सांगितलं नव्हतं. ज्यांना उत्तर हवं होतं त्यांनीच हात मागे घेतला. फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात अ‍ॅसिलोमार इथे सुमारे १४० जण जमले, पत्रकारांसमोर कडाक्याने भांडले, आणि ठरवलं की कुठले प्रयोग कोणती खबरदारी घेऊन करायचे आणि कुठले करायचेच नाहीत. विज्ञान थांबलं? १९८२ मध्ये त्याच तंत्राने जिवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन औषध म्हणून मंजूर झालं. कारण सांगून, मुदत घालून, स्वतःहून थांबण्यात लाज कसली?

याच्या उलट उदाहरण २०११ चं. बर्ड फ्लूचा विषाणू हवेतून एका फेरेटकडून (मुंगसासारख्या एका लहान प्राण्याकडून) दुसऱ्याकडे पसरेल अशा रीतीने बदलण्यात दोन गटांना यश आलं, एक नेदरलँड्समधला, एक अमेरिकेतला. मग जगभर वाद पेटला, हे छापावं की नाही. अमेरिकेच्या सल्लागार मंडळाने आधी म्हटलं, तपशील गाळा. पुढे मत बदललं आणि २०१२ मध्ये दोन्ही शोधनिबंध प्रसिद्ध झाले. २०१२ च्या सुरुवातीपासून शास्त्रज्ञांनी स्वतःहून वर्षभर काम थांबवलं, त्याचं श्रेय त्यांना दिलं पाहिजे. आणि अशा कामातून पुढच्या साथीची चाहूल लवकर लागेल, हा त्यांचा युक्तिवादही पोकळ नव्हता. पण हा वाद छापण्यावर झाला, म्हणजे उशिरा झाला. ज्या कोट्यवधी लोकांनी या उत्तराची किंमत मोजली असती त्यांचा विचार विषाणू पिंजऱ्यातून पिंजऱ्यात जायच्या आधी, प्रयोग आखताना, याच मोठ्या आवाजात व्हायला हवा होता. अश्वत्थाम्याला ब्रह्मशिर अस्त्र सोडता येत होतं, परत घेता येत नव्हतं. ते अखेर उत्तरेच्या गर्भावर गेलं.

जिथे किंमत फक्त माझी मला मोजायची असते तिथे मात्र निर्णयही पूर्ण माझाच. मग तो कळून घ्यायचा असो की न घ्यायचा. २००७ मध्ये डीएनएच्या रचनेचा एक शोधकर्ता जेम्स वॉटसन याचा संपूर्ण जनुकीय आराखडा उलगडला गेला. सगळं जाहीर करा, तो म्हणाला, फक्त अल्झायमरचा धोका सांगणारं एक जनुक सोडून. ते मलाही सांगू नका. ज्याने ही सगळी पोथीच उघडली त्याने तिचं एक पान न वाचायचं ठरवलं. याला अज्ञान म्हणायचं? मेंदू हळूहळू झिजवणाऱ्या हंटिंग्टनसारख्या आनुवंशिक आजारात आईला किंवा वडिलांना तो असेल तर मुलाला होण्याची शक्यता निम्मी असते, चाचणी उपलब्ध आहे, उपाय मात्र रोग थांबवेल असा नाही. आणि अनेक जण सगळं समजून उमजून चाचणी न करता जगतात. त्यांना भित्रे म्हणणाऱ्याने आपला हात कधी त्या कडीवर ठेवून पाहिलाय का?

उरतो शेवटचा युक्तिवाद, जो सगळ्यात जास्त ऐकू येतो. मी नाही बघितलं तर दुसरा बघेलच. यंत्राने विषाची कृती नाही सांगितली तरी ती कुठेतरी असतेच. कृतीबद्दल आधी. दहा ठिकाणी विखुरलेली, अर्धवट, चुकांनी भरलेली माहिती आणि शंका विचारत विचारत हातात मिळणारी नीट जुळवलेली माहिती या एक नव्हेत. मधल्या खटपटीतच रागाच्या भरात निघालेली पुष्कळ माणसं गळतात, शांत होतात. ती खटपट काढून टाकणाऱ्याने ‘ते होतंच की तिथे’ म्हणू नये. आणि बघण्याबद्दल म्हणाल, तर लाखो लोकांनी पाहिलेल्या व्हिडिओत माझ्या एका नजरेने काय भर पडते, हा हिशेब बघणाऱ्याच्या बाजूचा आहे. ज्याची मुलगी त्या व्हिडिओत रस्त्यावर पडली आहे त्या बापाला रस्त्यात भेटणारा प्रत्येक माणूस एकेकटाच भेटतो, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे बघताना त्याच्या मनात येतं, यानेही पाहिलं असेल का? बाबांच्या फोनला तर प्रेक्षक नव्हतेच. वाचणारा मी एकटा होतो. मी नसतं वाचलं तर कोणीच वाचलं नसतं.